आमची आर. एक्स. शंभर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकाला लेख द्यायचा म्हणजे तो पावसावर, आईवर किंवा एखाद्या संतकवीवर असावा, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. संपादक मंडळातील सरांना मी 'मोटारसायकलच्या इंजिनावर लिहू का?' असे विचारले, तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "लिही, पण मराठीच्या प्राध्यापकांना कळेल असे लिही." ती अट सांभाळण्याचा हा प्रयत्न आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी मला सांभाळून घ्यावे.

आमच्या वर्गातील एका मित्राच्या मोबाईलवर लांब नाकाच्या एका पांढऱ्या मोटारीचे चित्र असते. ती टोयोटा २००० जीटी. १९६७ ते १९७० या काळात अशा जेमतेम साडेतीनशेच्या आसपास गाड्या जपानात तयार झाल्या, आणि जपानी माणूसही देखणी, वेगवान स्पोर्ट्स कार करू शकतो हे जगाला पटले. आज ती जगातल्या मोजक्या धनिकांकडे आहे. मित्र तिच्याकडे पाहून उसासे टाकतो. मी टाकत नाही. कारण त्या मोटारीच्या इंजिनावर ज्या कंपनीने काम केले, त्याच कंपनीचे एक जुने यंत्र आमच्या घराच्या भिंतीला टेकून उभे असते. ती कंपनी म्हणजे यामाहा, आणि ते यंत्र म्हणजे १९९५ सालची आर. एक्स. १००. स्पोर्ट्स कार म्हणजे जी गरजेपेक्षा आनंदासाठी चालवावीशी वाटते ती, अशी व्याख्या केली, तर आमच्या पूर्व भागातील गल्लीबोळांतली स्पोर्ट्स कार हीच.

या गाडीचे कूळ सांगताना सुरुवात बाजाच्या पेटीपासून करावी लागते. जपानमध्ये हामामात्सू नावाचे शहर आहे. तेथील एका शाळेची पायपेटी १८८७ साली बिघडली. ती दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावले. त्याने ती दुरुस्त तर केलीच, पण आपणही अशी पेटी करू शकतो हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. यामाहाच्या खुणेत एकमेकांवर ठेवलेले तीन स्वरकाटे दिसतात, ते या घराण्याचे गोत्र. पुढे १९५५ साली त्याच घराण्याची मोटारसायकलची स्वतंत्र कंपनी निघाली. तिची पहिली गाडी १२५ सी.सी.ची होती. तिचा रंग तांबूस, अंग सडपातळ. म्हणून लोक तिला 'लाल चतुर' म्हणू लागले. टोयोटाच्या त्या पांढऱ्या मोटारीतले लाकूडकामही याच घराण्यातल्या, पियानो घडवणाऱ्या हातांनी केलेले आहे.

पण सोलापूरकराला याहून जवळची वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. हे हामामात्सू म्हणजे विणकरांचेही गाव. मिचिओ सुझुकी याने १९०९ साली तेथे कारखाना काढला तो मोटारींचा नव्हे, मागांचा. सोइचिरो होंडा त्याच परिसरात जन्मला आणि १९४८ साली त्याने आपली कंपनी त्याच शहरात काढली. टोयोटाचेही मूळ मागातच आहे. साकिची टोयोडाने धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. १९२९ साली एका इंग्रज कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. आणि १९३३ साली त्या मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग सुरू झाला. हे सगळे मी ग्रंथालयात वाचले आणि घरी जाऊन आप्पांना सांगितले. ते जेवत होते. घास हातात धरूनच म्हणाले, "म्हंजे आपल्यातलाच माणूस की!"

आप्पा, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. प्राध्यापक मंडळींसाठी सांगतो : विणणारा तो कामगार, माग अडला की तो चालू करणारा तो जॉबर. ते सातवीपर्यंत शिकले. २००४ साली त्यांनी ही गाडी अकरा हजाराला जुनी घेतली. इंजिन काय असते हे मला त्यांनीच शिकवले, तेही मागाच्या भाषेत.

आपल्याकडे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक दुचाक्या 'फोर-स्ट्रोक' असतात. त्यांचा पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर होतो तेव्हा एकदा स्फोट होतो : एका फेरीत पेट्रोलचा वायू आत ओढायचा, दुसरीत दाबायचा, तिसरीत पेटवायचा, चौथीत धूर बाहेर टाकायचा. आर. एक्स. 'टू-स्ट्रोक' आहे. तिचा पिस्टन एकदा वर, एकदा खाली झाला की एक स्फोट. हे कसे जमते? पिस्टन वर जाताना डोक्याकडचा वायू दाबतो आणि त्याच वेळी पोटाखालच्या कोठीत नवा वायू ओढून घेतो. ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येता येता आधी धूर जायचे भोक उघडते, मग बाजूची भोके उघडतात आणि कोठीत दाबला गेलेला ताजा वायू वर धावतो. आप्पा म्हणतात, "धोट्यासारखं. जातानाही काम, येतानाही काम. रिकामी खेप न्हाई." या वाक्यानंतर मला आकृतीची गरज पडली नाही.

खालच्या कोठीत शिरलेला वायू उलट्या वाटेने परत जाऊ नये म्हणून तोंडाशी पोलादाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. ओढ लागली की त्या उघडतात, दाब आला की मिटतात. इंग्रजीत त्यांना रीड म्हणतात. पेटीतल्या सुरांच्या पट्ट्यांनाही रीडच म्हणतात. पेटीतली पट्टी थरथरून गाते, इंजिनातली केवळ दाराचे काम करते, हे खरे. पण पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या घराण्यातल्या गाडीत पट्टी असावी, याची मला गंमत वाटते.

अशा इंजिनात झडपा नाहीत, त्या उघडझाप करणारा दांडा नाही, त्याला फिरवणारी साखळी नाही. पिस्टन, त्याला जोडलेला दांडा आणि फिरणारा क्रँक, एवढाच मुख्य संसार. म्हणून ते हलके असते आणि प्रत्येक फेरीला जोर देते. आर. एक्स.चे इंजिन ९८ सी.सी.चे, सिलिंडरची रुंदी ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. ताकद ११ अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच सुमारास आलेल्या शंभर सी.सी.च्या फोर-स्ट्रोक गाडीची ताकद सात-साडेसातच्या घरात होती. सोलापुरात ज्याला 'पिकअप' म्हणतात त्याचे गणित या आकड्यांत आहे.

आपल्याकडे ही गाडी आली १९८५ साली. त्याआधी येझदी, बुलेट, राजदूत आणि स्कूटर यांचे राज्य होते. मग सरकारने लहान इंजिनांच्या दुचाक्यांसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी घराणी चार भारतीय घराण्यांशी सोयरीक जुळवून आली : टीव्हीएसबरोबर सुझुकी, हीरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा आणि बजाजबरोबर कावासाकी. होंडा पेट्रोल वाचवणारी म्हणून घराघरांत गेली. यामाहा मात्र पोरांच्या मनात गेली. १९९६ साली धुराचे नियम कडक झाले आणि तिचे उत्पादन थांबले. तिची १३५ नावाची धाकटी बहीण पुढे काही वर्षे चालली. २००५ नंतर तीही नाही.

आता सायलेन्सरविषयी, कारण या बाबतीत आमच्याच वयाची मुले सर्वांत जास्त घोळ घालतात. टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. धुराबरोबर थोडा ताजा वायूही बाहेर सटकतो. सायलेन्सरच्या आतला आकार आधी फुगत आणि मग निमुळता होत जातो. त्यामुळे धुराची लाट पुढे जाऊन आपटते, परत फिरते आणि सटकलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट एका ठराविक वेगाच्या पट्ट्यातच वेळेवर परत येते. त्या पट्ट्यात गाडी शिरली की अंगात वारे संचारल्यासारखी उसळते. आता जो शहाणा आवाजासाठी सायलेन्सरची आतली जाळी काढतो किंवा नळीच कापतो, त्याची लाट परत येईल कशी? आवाज वाढतो आणि जोर कमी होतो. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे शाप मिळतात ते वेगळेच. कॉलेजच्या फाटकाशी फटाके वाजवीत जाणाऱ्या मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

खरा आनंद कळायचा असेल तर तुळजापूरचा रस्ता धरावा. कोजागरीला सोलापूरची हजारो माणसे या रस्त्याने पायी जातात; त्या दिवसांत गाडी नेऊ नये, नेताही येत नाही. पण एखाद्या हिवाळी सकाळी, तामलवाडी मागे टाकून घाटाचा चढ आला की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हळूच मूठभर जास्त मागते. मूठ फिरवली की आधी घोगरा असलेला आवाज एकदम स्वच्छ होतो, हँडल हलके होते, आणि वळणामागून वळण उलगडत जाते. वेगाचा काटा अशा वेळी साठच्या आसपासच असतो. नव्या गाडीवर साठ म्हणजे काहीच नाही, बसल्या बसल्या झोप यावी. आर. एक्स.वर साठचा वेग तळपायांना, मांड्यांना, तळहातांना कळतो. तिच्यावर बसणारा नुसता बसलेला नसतो. सकाळी पेट्रोलची चावी उघडण्यापासून, चोक ओढण्यापासून, किकेवर पाय ठेवून नेमका दाब कुठे लागतो हे शोधण्यापासून तो तिच्या कामात सामील असतो. तिचा आनंद आहे तो या सामील होण्यात, असे मला वाटते.

तिचे दोष झाकून ठेवणे बरोबर नाही. ताज्या वायूचा काही भाग न जळताच बाहेर जातो, वर तेल जळते. त्यामुळे ही गाडी आपल्या आकाराच्या मानाने हवा फार खराब करते. १९९६ चा नियम योग्यच होता, असे माझे मत आहे. आमची गाडी लिटरला पस्तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे. गाडी जितकी चटकन पळते तितकी चटकन थांबत नाही, आणि मूठ सोडल्यावर फोर-स्ट्रोकसारखे इंजिनही तिला मागे ओढत नाही. पिकअपची कीर्ती सोनसाखळी चोरांपर्यंतही पोहोचली होती; अजूनही नाक्यावरचे पोलीस आर. एक्स.वाल्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहतात. मी कागद खिशातच ठेवतो.

तेलाचे मात्र सविस्तर सांगायला हवे. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाचे तेल खाली वेगळे साठलेले असते. इथे खालच्या कोठीतून पेट्रोलचा वायू जातो, म्हणून तेल पेट्रोलबरोबरच जावे लागते. आर. एक्स.ला त्यासाठी निराळी टाकी आणि छोटा पंप होता. आमच्या गाडीचा पंप केव्हाच निकामी झाला. आप्पा पेट्रोलमध्ये टू-टी तेल मोजून घालतात. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. हे तेल पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसाहून पातळ थर धरते. तो थर फाटला की काय होते ते मी स्वतः पाहिले आहे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला गुरुवार. आप्पांना मागे बसवून मी अक्कलकोटला निघालो होतो. ऊन बेचाळीस अंशांचे, रस्ता मोकळा, आणि मी वीस-पंचवीस मिनिटे मूठ सोडलीच नाही. सकाळी पेट्रोल मीच भरले होते. तेलाची बाटली अर्धीच ओतली होती, कारण उरलेले संध्याकाळी घालू म्हटले. वळसंगच्या पुढे इंजिनातून बारीक, कोरडा, पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येऊ लागला. मला तो ऐकू येत होता. पण आप्पा मागे बसलेले असताना आवाजाची काळजी मी कशाला करू? आजवर असे शंभरदा झाले होते : माझ्या ध्यानात यायच्या आत मागून खांद्यावर थाप पडायची, "मूठ सोड, तापलीय ती." त्या दिवशी थाप पडली नाही. गाडी एकाएकी जड झाली आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. गाडी वाकडीतिकडी घसरत कडेला थांबली.

याला 'पिस्टन जाम होणे' म्हणतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली नळी बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. दोघांतली मोकळी जागा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच. तेल कमी पडले, उष्णता वाढली की पिस्टन नळीला चिकटतो. मग नळी खरादावर पाव मिलिमीटर मोठी करून घ्यायची आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. त्याला 'बोअर मारणे' म्हणतात. असे तीन-चार वेळाच करता येते. आमचा हा तिसरा बोअर.

झाडाखाली बसून मी आप्पांना विचारले, "तुम्ही सांगितलं का न्हाई?" ते थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले. म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हाई रे."

तीस वर्षे मागांच्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान जातात, यात नवल नाही; आमच्या भागात पन्नाशीच्या पुढचे निम्मे लोक ओरडून बोलतात आणि आम्ही त्यांना हसतो. डॉक्टरांनी तपासून सांगितले की बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज नंतर. इंजिनाचा धोक्याचा आवाज हा नेमका बारीक. मागाचे ठोके मिनिटाला शंभर-सव्वाशे, ते अजून त्यांना कळतात. इंजिनाचे उभ्या गाडीतही हजाराच्या वर. जो माणूस कारखान्याच्या दारातूनच 'सातव्या मागाचं पिकिंग ढिलं हाय' असे सांगत असे, त्याला स्वतःच्या गाडीची हाक ऐकू आली नव्हती.

त्यानंतर आप्पांनी गाडी विकायचे काढले. पुण्याहून एक गृहस्थ येऊन पाहूनही गेले. जुन्या आर. एक्स. आता हौशी लोक शोधत फिरतात. सुरुवातीच्या गाड्यांतला जपानी भाग सापडला तर त्याची देवासारखी पूजा करतात. त्यांनी नव्वद हजार सांगितले. अकराचे नव्वद! मित्र म्हणाले, "विक बे, दोन नव्या येतील." आई काही बोलली नाही, पण बहिणीच्या प्रवेशाचे पैसे तिच्या मनात होते, आणि माझ्याही. त्यातच २०२५ साली गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. दुचाकीसाठी हे शुल्क २०२२ साली तीनशेचे एक हजार झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांना दोन हजार. पर्यावरण कर निराळा, नवी नंबरप्लेट निराळी. गाडी धूर सोडते तर तिने कर भरावा, याविषयी माझी तक्रार नाही.

शिवाय आणखी एक अडचण उभी राहिली होती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाच्या मळीचे इथेनॉल होते, तेव्हा त्याला नावे कशी ठेवावीत! परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. नव्या गाड्या तो हिशेब धरून पेट्रोल सोडतात, आर. एक्स.च्या कार्बोरेटरला तेवढी अक्कल नाही. त्यामुळे मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रण जास्त तापते, आणि पुन्हा तोच जाम होण्याचा धोका. जुने रबरी पाइपही लवकर खराब होतात. मिस्त्रींनी जेट एक माप मोठा घातला, पाइप बदलले आणि प्लग पाहायला शिकवले : प्लगचे टोक चॉकलेटी असेल तर ठीक, काळे काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले तर कमी. आता आठवड्यातून एकदा मी तो काढून पाहतो.

बहिणीचे पैसे शेवटी पतसंस्थेतून काढले. हप्ता मी शिकवण्या करून भरतो. गाडी ठेवली. आप्पांची अट एकच होती : "ठेव. पण आता ऐकायचं काम तुझं."

म्हणून दर रविवारी सकाळी आप्पा उंबऱ्यावर बसतात, मी किक मारतो आणि गाडी उभ्या जागी चालू ठेवतो. ते टाकीवर पंजा सपाट ठेवून डोळे मिटतात. मी जे ऐकू येईल ते मोठ्याने सांगतो आणि त्यांच्या हाताला जे कळेल ते ते सांगतात. सुरुवातीला माझे दहातले आठ चुकायचे. परवा मी म्हणालो, "उजवीकडनं बारीक टिकटिक येतीय." त्यांनी हात टाकीवरून काढून उजव्या केसिंगवर ठेवला, क्लच दाबायला लावला, सोडायला लावला. "दाबल्यावर जातीय का?" "जातीय." "मग क्लचच हाय. खोल."

दुपारी केसिंग खोलले. क्लच हाउसिंगचे रिव्हेट सैल झाले होते.